दरडीवरची रानहळद

अकोले तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका वाडीत दगडाबाई राहते. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून ही तरी दगडासारखी टिकावी या आशेनं आईबापांनी तिला हे नाव ठेवलं. वाडीला गाडीरस्ता नव्हता. काही वर्षांपूर्वी तिचा नवरा रंगनाथ छातीत कळ येऊन पडला, आणि घोंगडीच्या झोळीतून खाली नेता नेता वाटेतच गेला.

त्या पायवाटेच्या वरच्या अंगाला दरडीवर, हिरड्या-जांभळांच्या सावलीत, रानहळद उगवते. हिवाळ्यात पानं वाळतात, कंद मातीखाली पडून राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतो. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला रंगनाथनं त्याच दरडीवरची फुलं आणली होती. पुढे दरसाल आणत राहिला.

यंदा वैशाखात रस्ता मंजूर झाला आणि जेसीबी वाडीखाली येऊन उभा राहिला. आखणी नेमकी त्या दरडीतून होती.

शेजारची बनुबाई म्हणाली, "तू नगं म्हन. तुझं ऐकत्याल."

"नगं कशी म्हनू? ह्यो रस्ता आधी असता तर आमचं मानूस घरी आलं असतं."

सकाळी दगडाबाईनं कुदळ उचलली. मागोमाग पाटी घेऊन सून निघाली. निकिता काष्टी गावची, उसाच्या रानातली. गेल्या हिवाळ्यात लग्न होऊन आलेली. नवरा अमृत संगमनेरला कामाला. घरात दोघीच, पण बोलणं कामापुरतं.

दरडीवर नुसता पाचोळा होता. खणावं तर कुठं कंद, कुठं दगड. जेसीबीवाला परवेझ वर येऊन बघून गेला. म्हणाला, "मावशी, तुमचं होऊ द्या. मी तवर खालचं टोक धरतो."

निकिताच्या हातून एक कंद मोडला. ती घाबरली. "मोडला, आई."

"आसू दे. दोन्ही तुकड्यांना डोळं हायेत, दोन्ही फुटत्याल." एवढं म्हणून दगडाबाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. निकिता जवळ सरकली, पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तुझे सासरे लई लाजायचे गं," दगडाबाई डोळे पुसत म्हणाली. "फुलं हातात कधी दिली न्हाईत. उंबऱ्यावर ठिवायचे नि निघून जायचे."

"तुमचा ल्योकबी तसाच हाय. गजरा आनतो, नि फ्रीजवर ठिवून देतो."

दगडाबाई रडता रडता हसायला लागली. निकितालाही हसू आवरेना.

कंद त्यांनी देवाच्या राईत, झाडांखाली लावले. काही कुजले, काही साळिंदरानं उकरून खाल्ले. उरलेल्यांना आषाढात पानं फुटली, पुढं फुलंही आली, खाली पिवळी आणि वर गुलाबी तुरा.

भादव्यात निकितानं राईतूनच काष्टीला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"कसली गं फुलं ती?" आईनं विचारलं.

"थांब, आमच्या आईंनाच इचार," म्हणत निकितानं मोबाईल सासूच्या हातात दिला. दगडाबाईनं तो कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "बोला ईनबाई!"