मागची सोंगटी

बायको गेल्यापासून सारीपाट मी दोन्ही बाजूंनी एकटाच खेळतो. एका घरात दोन सोंगट्या असल्या की त्यांना मारता येत नाही, एकटी मात्र सापडते. म्हणून बायको पुढची सोंगटी मागचीसाठी अडवून ठेवायची आणि हमखास हरायची. मी चिडवलं की म्हणायची, “अहो, एकटीनं पुढं जाऊन करायचंय काय?” जिंकायचं तर थांबायचं नसतं, हे तिला कळत होतं, पण नको होतं.

आज खिडकीतलं ऊन पटावर आलं होतं. तिच्या बाजूचे फासे टाकले, तर अगदी हवं ते दान पडलं. तिची पुढची सोंगटी एका दमात मधल्या, शेवटच्या घरात पोहोचत होती. मी तिच्यावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. मग मागचीच पुढं सरकवली.

निदान पटावर तरी कुणीतरी थांबावं.