वन्संचा काचेतला दर्या

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या काचेच्या टाकीत विहिरीचं पाणी घालत होते. आदल्या दिवशी हॉस्पिटलात त्यांनी मला तेवढंच बजावलं होतं... पाणी खुणेच्या खाली जाऊ देऊ नको. फोन ठेवल्यावर मी आधी हातातला तांब्या पुरता ओतला, मग रडले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. कमी वयात विधवा होऊन त्या माहेरी मालवणला परत आल्या आणि मासळीबाजारात बसू लागल्या. मी त्यांच्या शेजारी बसायचे. गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडातून शब्द निघत नसे, म्हणून भाव त्या करायच्या आणि मासे मी कापायचे. ह्यांची होडी आहे. पूर्वी तिच्यात जाळी असायची, आता पर्यटक असतात. खडकांजवळ नेऊन हे त्यांना पाण्याखालचं पोवळं आणि रंगीत मासे दाखवतात. एकदा वन्सं ह्यांना म्हणाल्या, मलाही ने. हे हसले. आमच्यात बाईने होडीत पाय ठेवायचा नसतो, दर्या कोपतो म्हणतात.

"त्या मुंबयच्या बायलो दिसभर बसतत," वन्सं म्हणाल्या. "तिकीट काढल्यार चलता काय रे?"

ह्यांनी त्यांना कधीच नेलं नाही.

मग वन्संनी दर्याच घरात आणायचं ठरवलं. मोबाइलवर लोकांच्या टाक्या बघत बसायच्या. त्यातली यंत्रं आपल्याला झेपणारी नव्हती. त्यांनी खिडक्या बसवणाऱ्याकडून उरलेल्या जाड काचा मिळवल्या आणि त्याच्याकडूनच चिकटवून घेतल्या. हवेचा छोटा पंप कुडाळहून आणला, वर एक पांढरा दिवा टांगला. पाणी ह्यांनी आणायचं, पण जेटीजवळचं नको, तिथे डिझेलचा तवंग असतो. खोल पाण्यात गेल्यावर कॅन भरायचे. हे कुरकुरत का होईना, आणायचे. ओहोटीला आम्ही दोघी खडकांत जाऊन हिरवट थर असलेले थोडे दगड घेऊन आलो. पोवळं तोडायला बंदी आहे, त्याला वन्संनी कधी हात लावला नाही.

बरेच दिवस टाकीत नुसते दगडच होते. शेजारणी येऊन विचारायच्या, दर्या दारात असताना घरात दगड कशाला भिजत घातलेत, वाटण करायचं आहे काय? वन्सं म्हणायच्या, लोणचं मुरतं तसं पाणीही मुरावं लागतं. मग त्यांनी खडकातल्या डबक्यांतले लहान मासे आणून सोडले, आणि ते सगळे मेले. उकाड्यात टाकीतलं पाणी कमी व्हायचं, आम्ही वरून समुद्राचंच पाणी घालायचो. समुद्र एवढा जवळ, दुसरं पाणी घालायचं कुणाच्या मनात येणार? वन्संनी टाकीत बोट बुडवून चाटलं आणि मला हाक मारली.

"शैला, आमटी आटली तर तू तेच्यात मीठ घालतंस काय पाणी?"

पाणी उडून जात होतं, मीठ मागे राहत होतं. तेव्हापासून आटेल तेवढं गोडं पाणी, आणि मधूनमधून थोडं जुनं काढून ताजं समुद्राचं.

पुढच्या खेपेचे मासे जगले. दगडावरच्या त्या हिरवट थरातून बटणाएवढी फुलं उघडू लागली. तीही जिवंत असतात, भरवलं तर खातात. बोटाएवढा एक मासा दगडाच्या भोकातून तोंड काढून आमच्याकडे बघायचा. बाजारातून आलं की वन्सं टाकीसमोर पाट घेऊन बसायच्या, मलाही ओढून बसवायच्या.

"आपण जलमभर मासो मेललोच बघलो गो. जितो कसो पवता ता बघ."

बारावं झाल्यावर हे म्हणाले, टाकी काढू, तिथे पलंग टाकला तर पर्यटक उतरतील. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे हो, असंच घरात धरतात. ह्यांनी टाकी काढली नाही, पण कॅन आणणं बंद केलं. आज विसरलो, उद्या बघू... टाकी आपली आपण मरायची हे वाट बघत होते. काचेवर तपकिरी थर धरला, फुलं दिवा लावला तरी मिटलेलीच राहू लागली.

परवा सकाळी मी दोन्ही कॅन उचलले, किनाऱ्यावर गेले आणि पर्यटकांबरोबर होडीत चढून बसले. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. अख्खा किनारा बघत होता. हे जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "उतर गो. लोक काय म्हणतले?"

"कॅन भरल्याशिवाय मी उतरूचंय नाय."

पर्यटकांतल्या एका बाईने सरकून मला नीट जागा दिली. ह्यांनी इंजिन चालू केलं.

खोल पाण्यात मी स्वतः वाकून कॅन भरले. खाली खडक दिसत होते, त्यांवरून पिवळ्या माशांचा थवा वळत होता. मी पोटभर बघितलं. वन्संना हे एकदा दाखवायला कुणाचं काय जात होतं?... होडी बुडाली नाही. दर्याही खवळला नाही.

ताजं पाणी घातल्यावर दोन दिवसांनी फुलं उघडली. टाकी आहे तिथेच आहे, पलंगाला दुसरी जागा बघा म्हणून ह्यांना सांगून टाकलंय. आज बाजारात दोघीजणींनी मला हळूच विचारलं, पुढच्या वेळी आम्हालाही नेशील का.

मी म्हटलं, आपापला कॅन घेऊन या.