चाचांचा बिग

माणूस खांद्यावर घेतला की चाचा एकदा खांदा हलवून तोल सावरत आणि म्हणत, “बिग हाय!”

तुमच्यापैकी कुणी आमच्या किनाऱ्यावर उतरले असेल, तर त्यांना पाहिले असेल. धक्का नव्हता. मुंबईची आगबोट खोल पाण्यात थांबे. होडी उतारूंना कमरेएवढ्या पाण्यापर्यंत आणी आणि तिथून चाचा एकेकाला खांद्यावरून कोरड्या वाळूवर नेऊन ठेवत. तरुणपणी ते मोठ्या जहाजावर खलाशी होते. तिथून इंग्रजीतला हा एकच शब्द त्यांनी आणला होता. लाट बिग. पापलेट बिग. कुणाकडे मयत झाली तर तीही, आवाज उतरवून, बिग.

एकदा एका काटकुळ्या कारकुनाला त्यांनी बिग म्हटले. होडीवाले हसले. “चाचा, याच्यात काय बिग हाय?”

“घाबरलेला माणूस लई जड असतो रं.”

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चाचा म्हणाले, “तुझ्या बुकात बिगचे अर्थ बघून ये.” दिवाळीत मी कोशातून उतरवून आणले आणि वाळूत बसून वाचले. आकाराने मोठा, वयाने थोरला, मानाचा, मोठ्या मनाचा. गरोदर बाईलाही लावतात. यावर ते लाजून हसले.

“आन् जड?”

“ते नाही, चाचा.”

“मंग बुक अधुरं हाय.” तरी कागद मागून घेतला आणि टोपीत ठेवला.

मे महिन्यात आलो तेव्हा ते खोकत पाण्यात उभे होते. “ये, बाला,” म्हणून खांदा वाकवला. मला लाज वाटली. बूट हातात घेऊन मी सरळ पाण्यात उतरलो. आपण चांगले केले, असेच वाटले. मला पाहून बाकीचे उतारूही उतरले. “म्हातारा दमला,” कुणीतरी म्हणाले. चाचा तसेच वाकून उभे होते.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी त्यांच्या जागी त्यांच्या पुतण्याला उभे केले.

मी त्यांच्या घरी गेलो. “चाचा, मी तुमच्यासाठीच उतरलो हो.”

“ठावं हाय. पर तू खांद्यावर बसला असतास, तर मला न्हाय म्हणायची कुणाची छाती नव्हती.”

पावसाळ्यात ते गेले.

दिवाळीत पुतण्याने खांदा वाकवला. मी निमूट बसलो. वाळू येईपर्यंत मी त्या एका शब्दाची वाट पाहिली. तो काहीच बोलला नाही.