क्रुसापाशी इनासआजोबांची हजेरी

२ नोव्हेंबर, शारजा, संध्याकाळ. घरात बाबा, मी, नवरा फिलीप आणि लेक रिया.

मी पहिल्यांदा दुबईला निघाले तेव्हा बाबांनी टॅक्सी चर्चच्या आवारात वळवायला लावली. तिथे दगडी क्रूस आहे. पहिल्या महायुद्धात आमच्या वसईकडच्या गावातून जे गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. बाबांच्या आजोबांचे धाकटे भाऊ इनास त्यांतलेच. फौजेची खेचरं सांभाळायला इराकातल्या बसऱ्याला गेले होते. "तेही बोटीनं याच बाजूला गेले," बाबा म्हणाले. "सांगून नीघ." आई टॅक्सीतूनच ओरडत होती, "अहो, विमान काय त्यांच्यासाठी थांबणार आहे?" मी क्रुसाला हात लावला आणि पळाले.

दर वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली की क्रुसापाशी ती नावं वाचतात आणि ज्याच्या त्याच्या घरचा माणूस "हजर" म्हणतो. इनासआजोबांसाठी बाबाच म्हणत. यंदा आई गेली, मग बाबांचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी त्यांना इथे घेऊन आले. मी एकुलती एक. गावात आमचं आता कुणी नाही. इनासआजोबांना थडगं नाही. वर्षातून एकदा तो आवाज, तेवढंच. "माझ्या हयातीत नाव रिकामं जाणार," बाबा सारखे म्हणायचे.

मी इंडस्ट्रियल एरियातल्या वेअरहाउसची शिपमेंट्स सांभाळते, एक कॉल जोडणं काय अवघड? नेहमीच्या अ‍ॅपवर इथून कॉल लागत नाही, म्हणून मीटिंगची लिंक बस्त्याव मास्तरांना पाठवली. नावं तेच वाचतात. दीड तासाचा फरक धरून बाबांना पांढरा शर्ट घालून बसवलं आणि फोन टीव्हीला जोडला.

क्रूस दिसला. मेणबत्त्या, ओळखीचे चेहरे. मास्तरांनी वाचलं, "इनास पेद्रू."



"जस्ट से इट, ग्रँडपा!" रिया कुजबुजली.

"काय से इट? सोफ्यावर बसून हजर म्हणू? क्रुसासमोर खोटं?" मग ते टीव्हीकडे वाकून मोठ्यानं म्हणाले, "गैरहजर! मास्तर, मी शारजात आहे."

तिकडे कुणीतरी हसलं. मास्तर नाही हसले. जरा थांबून म्हणाले, "ऐकलं, सायमन. वाट बघतो." आणि पुढचं नाव घेतलं.

इतकी वर्षं मी गावाला पैसे, औषधं, फ्रिज पाठवत आले आणि आपण तिथे आहोतच असं धरून चालले. नाही आहोत, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर पहिल्यांदा कुणी म्हटलं. वाईट वाटलं, आणि बरंही. इथे आम्ही फ्लॅट सोडला तर आठवड्यात त्यात दुसरं कुटुंब येईल. गावात आमच्यासाठी नाव घेऊन थांबतात. मला तरी आता घर म्हटलं की तेवढं थांबणं आठवतं.

जेवताना बाबा म्हणाले, "पुढल्या वर्षी तू जा. तुझा आवाज खणखणीत आहे."

"लग्न झालेल्या मुलीनं म्हटलेलं चालेल?"

"मास्तर शाळेत माझ्या बाकावर बसायचा. बघतो कसं चालत नाही."

नोव्हेंबरात आमच्याकडे मालाची सगळ्यात जास्त गर्दी. मॅनेजरला तोंडी विचारलं, तो म्हणाला, "इन्शाल्ला." त्यावर तिकीट काढता येत नाही. रजेचा अर्ज अजून टाकायचा आहे.