दोन खिळ्यांची गाय

प्रज्ञाची गाय पडद्यावर थरथरत होती आणि मला मनातून बरं वाटत होतं.

लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं. प्रज्ञा ही नगरच्या आमच्या ॲनिमेशन इन्स्टिट्यूटमधली माझी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. मूळची कर्जत तालुक्यातली, इथे केडगावला मावशीकडे राहायची. आली कॉम्प्युटरवरचं काम शिकायला आणि स्टोअररूममधलं जुनं लाइट टेबल बघून कागदाच्या नादी लागली. लाइट टेबल म्हणजे काच आणि तिच्याखाली दिवा. खालच्या कागदावरचं चित्र वरच्या कागदातून दिसतं, मग वर त्याच्या केसभर पुढचं चित्र काढायचं. एका सेकंदासाठी अशी बारा चित्रं.

पुण्याच्या एका स्टुडिओत मी नऊ वर्षं हेच केलं होतं. स्टुडिओ बंद पडला, मी पेन्सिल ठेवली, सॉफ्टवेअर शिकले आणि नगरला येऊन शिकवायला लागले. ‘आता कागदाला कोण विचारतं?’ हे माझं वर्गातलं ठरलेलं वाक्य. ही पोरगी विचारत होती. सकाळी टॅब्लेट, दुपारी कागद, आणि दोन्हीकडे रेघ जिवंत. तशी रेघ यायला मला पाच वर्षं लागली होती. पोटात दुखायला एवढं पुरे होतं.

त्यात एका डेअरीची ऑर्डर आली. जनावरांच्या निगेवर दीड मिनिटाची फिल्म, तिच्यात मुख्य पात्र गाय. आमचे संचालक गायकवाड सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरवर करा. प्रज्ञाला हातानं करू द्या. बघू कुठली बरी दिसते.”

म्हणजे माझी तिच्याशी स्पर्धा. चेहरा हसरा ठेवायला मला जरा त्रासच झाला.

आठवड्यानं ती मला तिची गाय दाखवायला घेऊन आली. “मॅडम, ही अशी का हलती? चित्रं तर नीट हायेत.”

कारण मला बघताक्षणी कळलं होतं. तिनं कागद टेबलाला टेपनं चिकटवले होते. दर कागद सूतभर इकडेतिकडे, म्हणून सगळी गाय थरथरायची. यावर आमच्या धंद्यात पेग बार असतो. एक पट्टी, तिच्यावर तीन खुंट्या. कागदाला भोकं पाडून तो खुंट्यांवर बसवला की प्रत्येक कागद त्याच जागी बसतो. माझा पेग बार आणि त्याचं भोकं पाडायचं पंच घरी कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होतं, पुण्याहून आणलेलं.

मी म्हणाले, “हाताचं काम असंच दिसतं गं. थोडं हलणारच. नाद सोड, कॉम्प्युटरवर कर.”

“बरं मॅडम,” ती म्हणाली. पन्नास-साठ कागद गोळा करून तिनं पिशवीत कोंबले. त्या दिवशी घरी जाताना मी भेळ खाल्ली.

माझी गाय दोन दिवसांत तयार झाली. त्यासाठी रिग मिळतो, म्हणजे तयार सांगाडा. माझ्याकडे कुत्र्याचा होता, चालीसकट. त्याला गाईचं अंग चढवलं, शिंगं लावली. गुळगुळीत, चकचकीत काम. डेअरीची माणसं बघायला आली, त्यांत त्यांचे जनावरांचे डॉक्टर तांबे होते. दहा सेकंद झाले असतील नसतील.

“मॅडम, ही गाय हाय का तट्टू?” डॉक्टरांनी विचारलं.

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. “तिरके पाय जोडीनं उचलती. ही दुडकी चाल झाली. गाय येक-येक पाय टाकती. आमच्या शेतकऱ्यांना ही दाखवली तर म्हनतील, यांना गाय म्हाईत न्हाई, हे काय निगा शिकवनार?”

ते गेल्यावर गायकवाड सर म्हणाले, “सोमवारपर्यंत गाय चालली पाहिजे, नाहीतर ऑर्डर पुण्याला जाईल. प्रज्ञाचं काय झालं?”

“तिचं हलत होतं,” मी म्हणाले.

शनिवारी मी ड्रॉवर उघडून पेग बार पर्समध्ये टाकला. पश्चात्ताप वगैरे काही नाही, ऑर्डर जायची भीती होती. शिवाय मनात हिशेब होताच: मी शिकवीन, ती काढेल, निम्मं श्रेय माझं.

लॅबमध्ये प्रज्ञा एकटीच होती. टेबलावर लाकडी पाट, पाटाच्या कडेला ठोकलेले दोन खिळे, डोकी कापलेले. ऑफिसच्या साध्या पंचनं भोकं पाडलेले कागद त्यांत अडकवलेले. रेघा कागदावरच्या, रंग कॉम्प्युटरवर भरलेले. पडद्यावर गाय चालत होती. केसभरही थरथरत नव्हती. मागचा पाय बरोबर पुढच्या खुराच्या ठशात पडत होता.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“कुनी न्हाई मॅडम. मावशी पोळ्या करत हुती. पोळपाट सरकत हुता, तर तिनं खाली वलं फडकं घातलं. म्हटलं, आपला कागद बी कशात तरी अडकवाया पायजे. पाट तिचाच हाय. खिळे ठोकले म्हनून लई बोलली.”

“आणि चाल?”

“दोन दिस शेजारच्या गोठ्यात बसले. मोबाईलवर शूटिंग केलं, मग येक-येक पाय मोजला.”

मी पेग बार काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो हातात घेतला, खुंट्यांवरून बोट फिरवलं. काय आहे ते तिला सांगावं लागलं नाही.

“हे तुमच्याकडं पयल्यापासून हुतं?”

“होतं.”

तिनं आपला एक कागद खुंट्यांवर धरून पाहिला. भोकं जुळली नाहीत. “राहू द्या मॅडम,” ती म्हणाली. “माझी सगळी पानं आता खिळ्यांची झाली.” आणि पट्टी माझ्याकडे सरकवून पुढचं चित्र काढायला बसली.

सोमवारी तांबे डॉक्टरांनी गाईची चाल दोनदा बघितली. “हां. ही गाय,” एवढंच म्हणाले. ऑर्डर राहिली. पुढे फिल्म पुरी झाली, तेव्हा शेवटी येणाऱ्या नावांमध्ये प्रज्ञाचं नाव होतं आणि त्याखाली ‘मार्गदर्शन’ म्हणून माझं. ते तिनंच टाइप केलं होतं. मला ते काढायला सांगता आलं नाही आणि अजूनही तिकडे बघवत नाही.

आता आमच्या लॅबमध्ये तसले चार पाट आहेत. पेग बारही तिथेच पडलेला असतो, कुणी घेत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मी इतकी वर्षं झाकून ठेवली होती. उघडली तेव्हा कळलं, आत दोन खिळ्यांचाच ऐवज होता.