वाटीतली मुंगी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते माझ्या वहिनीचे. दहावीनंतर मला दादाबरोबर बोटीवर पाठवायचं ठरलं होतं. सातपाटीत आमच्या घरात तोवर कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. नवी सून असूनही ती आईला म्हणाली, "त्याला शिकू द्या. बोंबील मी वाळवीन." माझ्या वाटणीचं काम तिने अंगावर घेतलं आणि मी पालघरला कॉलेजात जाऊ लागलो.

पुढे तिला मुलगी झाली. दूध भरपूर होतं. दूध यावं म्हणून आई तिला मुशी माशाचं कालवण करून घालायची. पण बाळाच्या तोंडाभोवती आणि ढुंगणावर लाल चट्टे उठले, ते चिघळले, जावळ विरळ झालं. शेजारच्या म्हातारीने वहिनीचं दूध वाटीत काढायला लावून त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. दूध बाधतंय, असा निकाल लागला आणि पाजणं बंद झालं. त्याच दिवशी पालघरच्या डॉक्टरांनी बाळाला झिंकचं औषधही सुरू केलं. चट्टे गेले. औषधाची आठवण घरात कुणाला राहिली नाही. तेव्हापासून कुणाचं तान्हं मूल पुढे आलं की वहिनी हात मागे घेते.

आता मी बोईसरला औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. खोलीत आम्ही तिघे. बाकीचे दोघे माझ्या उलट पाळीचे. मी येतो तेव्हा त्यांच्या चुरगळलेल्या चादरी तेवढ्या असतात. जेवलास का, असं हिंदीतही कुणी विचारत नाही. मग मी एम.एस्सी.ची पुस्तकं वाचत बसतो.

त्यातच पेशीतल्या जस्ताचं प्रकरण आलं. जस्त म्हणजेच झिंक. पेशीत पडद्यांच्या लहान लहान पिशव्या असतात आणि जस्ताला ते पडदे आपणहून ओलांडता येत नाहीत. प्रथिनांची दारं लागतात. काही दारं जस्त पेशीच्या द्रवात आणतात, काही ते द्रवातून पिशव्यांत भरतात. दूध तयार करणाऱ्या पेशींत याच पिशव्या दुधात रित्या होतात. त्यांचं दार सदोष असलं, तर आईच्या अंगात जस्त असूनही ते दुधात उतरत नाही. मग बाळाला चट्टे येतात. ते वाचून मी पुस्तक मिटलं. सांगायला खोलीत कुणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. वहिनीला सातवा लागलाय, आईने पावडरच्या दुधाचा डबा आणूनही ठेवलाय. वहिनी फोनवर आली. "या येळी पाजायचंच नाय. तेच बरं हाय," म्हणाली, आणि मी जेवलो का ते विचारलं. आमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो, आई सगळं ऐकते. म्हणून पत्र लिहिलं.

"वहिनी, ती मुंगी तुझ्या दुधाने मेली नाही. ती बुडाली. पाण्यातही बुडाली असती. तुझ्या दुधात विष नव्हतं. बहुतेक जस्त कमी पडलं असावं. तू काय खाल्लंस याच्याशी त्याचा संबंध नाही. मी डॉक्टर नाही, तपासणीशिवाय नक्की सांगता येणार नाही. म्हणून बाळंतपणाआधीच पालघरच्या डॉक्टरांना मागचं सगळं सांग. त्यांना विचारून बाळाला पाज. पुन्हा चट्टे आले तर लगेच दाखव. औषध बाळालाच द्यावं लागतं. आईशी तू बोलू नकोस. रविवारी मी येतो, मीच सांगेन. आणि हो, जेवलो."