रविवारी एक वाजता, सावकाश

मी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मातीच्या रसायनशास्त्रात पीएच.डी. करायची होती. दिवसभर तळघरातल्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने वाळवायचे, चाळायचे, यंत्रात घालायचे, आकडे लिहायचे. अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं राहायचो. बाकीचे दोघं स्वभावाने चांगले, पण दोघंही हैदराबादचे, आणि घरात तेलुगूच चालायची. माझ्याशी बोलायचं म्हणून त्यांना दर वेळी इंग्रजीत यावं लागे. काही दिवसांनी त्यांना त्याचा कंटाळा आला आणि मलाही त्यांना त्रास द्यायचा कंटाळा आला. शुक्रवारी संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघालो की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून बसच्या ड्रायव्हरला म्हटलेल्या ‘थँक यू’शिवाय काही निघत नसे.

गावात मराठी कुटुंबं होती थोडीफार. संक्रांतीला एकदा गेलोही होतो त्यांच्यात. पण तिथे प्रश्न कोणत्या क्रमाने येतात ते मला लहानपणापासून पाठ आहे. आम्ही नागपूरचे बौद्ध. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून पटकन काही कळत नाही, म्हणून समोरच्याला आणखी दोन-तीन प्रश्न विचारावे लागतात. ते यायच्या आत मी तिळगूळ घेऊन निघालो.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये सायकलच्या दुकानाच्या दारावर मला एक कागद दिसला. दर रविवारी एक वाजता, सावकाश, कुणालाही मागे सोडलं जाणार नाही, असं हाताने लिहिलेलं. ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. शिकून परत जाणाऱ्या एका चिनी मुलाची सायकल मी हिवाळ्यातच घेतली होती. ती खोलीत भिंतीला टेकून उभी होती.

रविवारी सायकलवर फिरायला जाणार, हे मी फोनवर बाबांना सांगितलं. ते पोस्टमन होते. नागपूरच्या उन्हात त्यांनी जन्मभर सायकलवरून पत्रं वाटली होती.

“मी तीस वर्सं सायकल हाणली ते तुले हाणा लागू नये म्हणून,” ते म्हणाले. “अन् तू तिकडे जाऊन हौसेनं हाणून राहिला?”

मग त्यांनी विचारलं की हवा बरोबर भरतोस ना.

पहिल्या रविवारी दुकानासमोर सातजण जमले. सगळ्यांच्या पुढे सायकल चालवणारे एक गृहस्थ होते, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. एक नर्स होती. एक नवरा-बायको जोडसायकलवर होते. बाकीचे माझ्या आईवडिलांच्या वयाचे. सगळ्यांचे घट्ट कपडे, हातमोजे, हेल्मेट. मी जीन्स घातली होती आणि उजव्या पायाला रबरबँड लावला होता. गणिताच्या सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि स्वतःचे जुने हातमोजे मला दिले.

गाव संपलं की लगेच दरी सुरू व्हायची. दोन्हीकडे लांबलचक डोंगररांगा आणि मध्ये शेतं. मार्चमध्ये तिथे अजून काही हिरवं नसतं. वाहनतळांच्या कडेला काळं पडलेलं बर्फ साचलेलं असतं, शेतात मक्याची खुंटं उभी, आणि शेतकऱ्यांनी नुकतंच शेणखत टाकलेलं. तो वास आला आणि मला बरं वाटलं. कुंपणाच्या तारांवर लाल खांद्यांचे काळे पक्षी बसून ओरडत होते. नर्स म्हणाली, हे परत आले की समजायचं हिवाळा संपला. तेवढंच ती माझ्याशी बोलली, कारण पुढे चढ लागला आणि मी मागे पडलो.

कुणी मागे सोडत नसे हे खरं होतं. प्रत्येक वळणावर सगळे माझ्यासाठी थांबत. मी धापा टाकत पोचलो की ‘मस्त, मस्त’ म्हणत आणि लगेच पेडल मारायला लागत, कारण त्यांची विश्रांती तोवर झालेली असे. त्यामुळे दोन तास मी लोकांच्या सोबत होतो आणि दोन तास एकटाच होतो. तरी मी पुढच्या रविवारी गेलो. माझी वाट बघत कुणी उभं राहतंय, हेच तोवर बऱ्याच महिन्यांत झालं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी एक नवीन माणूस आला. चाळिशीच्या जवळचा, चकचकीत सायकल. दुकानासमोर त्याने फोनवर कुणाला तरी ‘अगं, येतो चारपर्यंत’ असं म्हटलं. मी जाऊन मराठीत विचारलं, “पुण्याचे का?”

तो हसला. “एवढं कळतं बोलण्यावरून?”

तो विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात होता. बायको आणि सात वर्षांची मुलगी घेऊन गावाबाहेर राहायचा. त्या दिवशी तो माझ्या वेगाने चालवत राहिला. आम्ही काय काय बोललो! सावजी रस्सा, क्रिकेट, इथल्या दुकानात मिळणारं चिकट पीठ, पुण्याचे लोक दुपारी झोपतात ते खरं का. चढावर माझा श्वास पुरत नव्हता तरी मी बोलत होतो. मराठी बोलताना जीभ तोंडात वेगळ्या जागी जाते हे मला त्या दिवशी कळलं.

चढाच्या वर सगळ्यांसाठी थांबलो असताना त्याने विचारलं, “नागपुरात कुठे राहता तुम्ही लोक?”

“इंदोऱ्याला,” मी म्हणालो.

इंदोरा ही जुनी बौद्ध वस्ती; नागपूर माहीत असणाऱ्याला तेवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्याची मावशी नागपूरला होती, सुट्टीत तो तिकडे जायचा, हे त्याने मला अर्ध्या तासापूर्वीच सांगितलं होतं.

“अच्छा, अच्छा,” तो म्हणाला आणि बाटली काढून पाणी प्यायला. पुढच्या उतारावर वेगळं असं काहीच झालं नाही. तो माझ्याशी नीट बोलला, फक्त इंग्रजीत. हवा, गियर, टायर. पुढच्या रविवारी त्याने मला हात केला आणि पहिल्या चढावरच पुढच्यांबरोबर निघून गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

त्याने वाईट काही केलं नव्हतं. कुणाला सांगायला गेलो असतो तर सांगण्यासारखंही काही नव्हतं. त्याची सायकल चांगली होती, तो वेगात जात होता, बस. पण मी वळणावर पोचलो की तो सायकलच्या चेनकडे बघत उभा असे. मला जर्मन किंवा जपानी माणसाने असं केलं असतं तर मी विसरून गेलो असतो. गाव सोडून, देश सोडून, समुद्र ओलांडून मी एका डोंगराच्या माथ्यावर उभा होतो आणि इतक्या दूर येऊनही पत्ता सांगितल्यावर तेच झालं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो पडला.

त्या दिवशी थंडी परत आली होती. बारीक बर्फासारखं काही भुरभुरत होतं. एका लांब उतारावर तो माझ्या थोडा पुढे होता, कारण वाटेत जाकीट घालायला थांबला होता. बाकीचे केव्हाच खाली पोचले होते. वळणावर हिवाळ्यात बर्फासाठी टाकलेली बारीक खडी तशीच पडून होती. त्याची सायकल आडवी झाली, तो घसरत जाऊन कुंपणाच्या खांबावर आपटला.

मी पोचलो तेव्हा तो बसलेला होता. एक खांदा खाली लोंबत होता आणि ओठ पांढरे पडले होते. माझ्या फोनला त्या दरीत रेंज नव्हती, त्याच्याही फोनला नव्हती. रस्त्याच्या पलीकडे आमिश लोकांचं शेतघर होतं. हे लोक वीज वापरत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीतून फिरतात. मी दार वाजवलं. काळ्या झग्यातली एक बाई आली. मला वाटलं, हिच्याकडे फोन कुठला असणार. पण तिने काही न विचारता फाटकाजवळच्या लाकडी खोपट्याकडे बोट दाखवलं. फोन तिथे होता, घराबाहेर. मी अँब्युलन्स बोलावून परत आलो तोवर तिने त्याच्या अंगावर गोधडी घातली होती आणि त्याच्या डोक्याखाली आपला हात धरून ती ओल्या गवतात बसली होती.

तो मराठीत बोलायला लागला होता. “जाऊ नकोस रे,” म्हणाला. “इथेच थांब.”

“थांबलोय,” मी म्हणालो.

अँब्युलन्सबरोबर आलेल्या माणसाने मला विचारलं की तुम्ही यांचे कोण. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “ही इज माय ब्रदर.”

सोबत येऊ देतील की नाही या भीतीने तो तसं म्हणाला असेल. दुखण्यात माणूस काहीही बोलतो. मी गाडीत चढलो आणि त्याच्या धड हाताला धरून बसलो. मला त्याचा राग येत होता आणि हात सोडवतही नव्हता. तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत तो माझा हात इतका घट्ट धरून होता की बोटं बधिर झाली.

खुब्याला मार होता, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. बाकी काही नाही. त्याची बायको मुलीला घेऊन धावत आली. मी त्यांना वहिनी म्हटलं. “तुम्ही होतात म्हणून,” एवढंच त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मुलगी माझ्या मांडीवरचं चिखलाचं हेल्मेट बघत होती. मी तिला मराठीत नाव विचारलं, तिने इंग्रजीत सांगितलं.

दोन आठवड्यांनी त्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं. जावं की नाही हे मला सकाळपर्यंत ठरवता येत नव्हतं. शेवटी गेलो. वरण-भात, भरली वांगी, कोशिंबीर. वहिनी आग्रह करून वाढत होत्या. त्याचा हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे तो डाव्या हाताने चमच्याने जेवत होता. जेवण झाल्यावर वहिनी मुलीला शेजारच्या घरी सोडायला गेल्या. आम्ही दोघंच राहिलो.

“त्या दिवशी मी तुला नागपुरात कुठे म्हणून विचारलं,” तो म्हणाला. “तुला काहीतरी वाटलं असेल.”

मी ताटं एकावर एक ठेवायला लागलो.

“मी तसलं काही मानत नाही रे. खरंच नाही. सवयीनं विचारतो आपण.”

“मग पुढच्या रविवारी पुढे का निघून गेलात?”

त्याने डाव्या हाताने गळ्यातली पट्टी सरळ केली.

“कळेना तुझ्याशी काय बोलायचं ते,” तो म्हणाला. “आपल्या तोंडून काहीतरी चुकीचं जाईल असं वाटलं. खोटं नाही सांगत.”

“आधी बोलत होतो तेच बोलायचं होतं,” मी म्हणालो. “रस्सा, क्रिकेट.”

त्याने मान हलवली. माफी वगैरे मागितली नाही, मलाही ती नको होती. वहिनी परत आल्या, त्यांनी चहा केला, आणि आम्ही तिघं क्रिकेटवर बोललो. जरा जास्तच मोठ्याने बोललो असू. निघताना त्यांनी वांग्याची भाजी डब्यात भरून दिली. बसमध्ये तो डबा मांडीवर घेऊन मी बसलो. त्या चढावरच्या रविवारनंतर मी पहिल्यांदा एवढं मराठी बोललो होतो आणि माझा घसा दुखत होता. मला आनंद झालाय की वाईट वाटतंय हे नीट सांगता आलं नसतं. खरं सांगायचं तर मला आईची आठवण आली.

त्यानंतर तीन-चार वेळा मी त्यांच्याकडे गेलो. त्या मोसमात त्याला सायकल चालवता आली नाही. ऑगस्टमध्ये त्याला टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला नोकरी लागली. खोकी बांधायला मी गेलो होतो. जाताना त्याने मला मिठी मारली, एका बाजूने, खांदा सांभाळून. काही दिवस ई-मेल येत राहिले. तिकडे रस्ते सपाट आहेत, चढ नाहीत, वारा मात्र फार, असं त्याने लिहिलं होतं. मग दिवाळीच्या शुभेच्छा. मग त्याही थांबल्या. आमच्यात भांडण झालं नाही. जी मैत्री व्हायला लागली होती ती पूर्ण व्हायला आणखी दोन-तीन वर्षं शेजारी सायकल चालवायला हवी होती, आणि ती मिळाली नाहीत.

मी दोन हजार आठपर्यंत तिथे होतो. रविवारी जात राहिलो. पाय तयार झाले, वेगही आला. दुसऱ्या वर्षी मला वळणावर कुणासाठी थांबावं लागे तेव्हा मी शेवटी येणाऱ्याला मिनिटभर तरी श्वास घेऊ देत असे आणि मगच निघत असे. नर्सने मला पक्ष्यांची नावं शिकवली. गणिताच्या सरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सगळे त्यांना भेटून आलो. ही सगळी चांगली माणसं होती. पण सायकली दुकानासमोर परत आल्या की प्रत्येकजण आपापली सायकल गाडीवर चढवून आपापल्या घरी जाई, आणि मी दोन मैल चालवत अपार्टमेंटकडे जाई.

शेवटच्या मार्चमध्ये एका रविवारी मी माघारी येऊन बाबांना फोन केला. किती अंतर झालं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चाळीस किलोमीटर. ते म्हणाले, त्यांचंही रोजचं साधारण तेवढंच व्हायचं, पण घरोघरी थांबत थांबत. प्रत्येक दारी कुणीतरी दोन शब्द बोलायचंच.

“तुझ्यासंगं कोणी बोलते काय तिथं?” त्यांनी विचारलं.

“बोलतात की,” मी म्हणालो.

ते बरं म्हणाले, आणि मग वाटेत कोण कोण भेटलं ते एकेक करून विचारत राहिले.